दिष्टीची कोरफड आणि शेरूचं पोट

"मॅडम, विष घातलंय त्यानं. तुमी फक्त तसं लिहून द्या, पुढचं मी बघतो."

टेबलाच्या एका बाजूला नरसय्या, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको पद्मा आणि मधे शेरू. शेरू म्हणजे तांबूस रंगाचं गावठी कुत्रं. टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेलं, मान टाकलेली. सकाळपासून उलट्या आणि शेंबडासारखे जुलाब. सोलापुरात मी कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. अशा वेळी हात कुत्र्यावर ठेवायचे आणि माणसांना बोलू द्यायचं, ही माझी पद्धत.

नरसय्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना. खाली लूम, वर घर. शेजारी गायकवाड काका एकटेच राहतात. शेरूच्या भुंकण्यावरून त्यांची रोज कटकट. आदल्याच दिवशी ते गॅलरीतून ओरडले होते, "याचा एकदा बंदोबस्तच करतो!" नरसय्यांना तेवढं पुरे होतं. दवाखान्यात येण्याआधी त्यांनी काकांच्या दारात उभं राहून चारचौघांत त्यांना नाही नाही ते सुनावलं होतं. आता चौकीत तक्रार द्यायची होती, मेहुणा तिकडे जाऊन थांबला होता.

"आधी मला तपासू तर द्या," मी म्हटलं.

हिरड्या कोरड्या. कातडी चिमटीत धरून सोडली तर लवकर जागेवर जाईना. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. त्यात विष बाहेर पडावं म्हणून या दोघांनी त्याला मिठाचं पाणी पाजलेलं. हा उपाय कुणी काढला देव जाणे, पण कुत्र्याला तो फार महागात पडू शकतो. मी चांगलीच तडकले. मग सलाईन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात शेरूनं टेबलावरच लघवी केली, आणि ती लालसर.

पद्मा रडायला लागली. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. लाल लघवी म्हटलं की आमच्याकडे पहिला संशय गोचिडतापाचा. पण अंगात ताप नव्हता. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तिथंही काही सापडलं नाही. फवारणीचं औषध पोटात गेलं तर कुत्रं थरथरतं, झटके येतात. तसंही काही नव्हतं.

"घरात झाडं कुठली आहेत?" मी विचारलं.

"झाडं? न्हाईत की. जागा कुटंय?" नरसय्या म्हणाले.

"मनी प्लांट? बाटलीत लावलेलं काही?"

"काईच न्हाई, मॅडम."

शेरूखालचा घाण झालेला टॉवेल बदलायला घेतला. उलटीत एक हिरवा तुकडा चिकटला होता. जाड, बुळबुळीत, कडेला बारीक काटे. मी तो चिमट्यात धरून दोघांपुढे नेला.

"हे काय आहे?"

"कोरफड हाय की," पद्मा म्हणाली. "दिष्टीची."

"मग झाडं नाहीत म्हणालात ते?"

"ते झाड कुटंय, मॅडम? ते दिष्टीचं हाय."

दिष्ट म्हणजे दृष्ट. त्यांच्याकडे दारावर कोरफड उलटी टांगतात. मातीशिवायही ती बरेच दिवस टिकते. अमावास्येला जुनी काढून नवी बांधायची. जुनीनं सगळ्यांची नजर ओढून घेतलेली असते, त्यामुळे ती कचऱ्यात टाकायची नाही, पाण्यात सोडायची. नरसय्यांनी जुनी काढून जिन्यात ठेवली आणि कामाच्या गडबडीत सोडायचं राहून गेलं. शेरू झोपतो तोही जिन्यातच.

कोरफडीचा गर माणसं खातात म्हणून ती कुत्र्यालाही चालेल असं अनेकांना वाटतं. पण सालीलगत पिवळा, कडू रस असतो. त्यानं कुत्र्याला उलट्या, जुलाब होतात. कधी कधी लघवीही लाल होते.

"विष पोटात गेलंय, हे लिहून देते," मी म्हटलं. "कुणामुळे गेलं, तेही लिहू?"

नरसय्या मेहुण्याला फोन लावून तेलुगूत दोनच वाक्यं बोलले आणि फोन खिशात टाकला.

मला राहवलं नाही. "ही दृष्ट कुणाची लागत होती हो?"

"गायकवाड काकांचीच की," पद्मा हळूच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत शेरूनं मान उचलली. पुढचे काही दिवस सलाईन आणि नंतर दहीभात, एवढ्यावर तो सावरला. मला मनापासून आनंद झाला. असे तांबूस गावठी माझे फार लाडके.

तेव्हापासून मी "झाडं कुठली?" असं विचारणं सोडून दिलं आहे. घरात हिरवं काय आहे ते सगळं सांगा म्हणते. लावलेलं, टांगलेलं, देवाला वाहिलेलं, टाकायचं राहिलेलं. लोक जरा विचित्र नजरेनं बघतात, मग आठवून आठवून सांगतात.

नरसय्यांना मी काकांची माफी मागायला लावली. बिचारे गेले, आणि भोळेपणानं दृष्टीची गोष्टही सांगून बसले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाले, "माझ्या नजरेनं त्याला काय बी झालं नव्हतं की. तुमच्या उपायानंच मेला असता."