मिनीची अंगणवाडी

धुळ्याच्या स्टँडवर तिखटजाळ शेवभाजी खाऊन मी पुन्हा एस.टी.त बसले. एरंडोलला माझा धाकटा भाऊ सुधाकर बँकेत बदलून गेला होता. त्याची मिनी चार वर्षांची झाली होती. "इथे धड बालवाडी नाही, ताई. तू तिला नाशिकला घेऊन जा," असे तो दिवाळीत म्हणाला होता. मी तिला न्यायलाच निघाले होते.

पारोळा मागे पडले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस पांढरा दिसत होता. एरंडोलच्या स्टँडवर भावजय मंदा एकटीच आली होती. घरी मिनीचे फ्रॉक बांधून तयार होते. मंदाने मला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आग्रहाने वाढली, स्वतः मात्र जेवली नाही.

सकाळी मी म्हटले, "निदान इथल्या शाळा तरी बघू."

आधी एका बंगल्याच्या गॅरेजातला नवा इंग्रजी वर्ग पाहिला. मुले ओठांवर बोट ठेवून बसली होती. बाईंनी खूण करताच त्यांनी एका सुरात 'ए फॉर ॲपल' म्हटले. मिनी माझ्या पदराआड गेली, ती बाहेर येईना.

अंगणवाडी समाजमंदिराच्या खोलीत भरत असे. छताला ओल, तक्ता फाटलेला, खेळणी कपाटात कुलपाखाली. "मोडली तर दुसरी मिळत नाहीत हो," सेविका कमलताई ओशाळून म्हणाल्या. पण मुले चिंचोक्यांच्या रांगा लावत होती, भांडत होती, खळखळून हसत होती. कमलताईंनी आपल्या शेजारची जागा थोपटत मिनीला हाक मारली, "आठे ये (इथे ये), मन्हा जोडे बस."

मिनी गेली. शेजारच्या मुलीने विचारले, "तुन्हं नाव काय शे?"

आल्यापासून माझ्याशी एक शब्द न बोललेली मिनी म्हणाली, "मन्हं नाव मिनी शे!"

दारातच मंदाने माझा हात धरला. "ताई, नका नेऊ तिला. इथे जे कमी पडेल ते मी घरी शिकवीन. यांच्यापुढे मला बोलता येत नाही."

रात्री जेवताना मी सुधाकरला सांगितले. तो चिडला. "आणि तिचे नुकसान झाले तर?"

"तर मला बोल लाव. पण आईपासून तिला तोडून मी नेणार नाही."

तो ताटावरून उठला. सकाळी मात्र बँकेत जाण्याआधी त्याने मिनीला सायकलच्या दांड्यावर बसवले आणि मंदाला अंगणवाडीचा रस्ता विचारला.

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. आम्हाला मूल नाही. नाशिकच्या घरी मी मिनीसाठी कपाटातला एक कप्पा मोकळा केला होता, रंगीत खडूही आणून ठेवले होते. सुधाकरची भीती खोटी नव्हती. आपण केले ते योग्य की नाही, हे धुळे आले तरी मला ठरवता आले नाही. एवढेच ठाऊक होते, की दुपारी मिनी घरी परतेल तेव्हा मंदा दारात उभी असेल.