फुकटचा हत्ती

घड्याळवाला पहिल्यांदा नजरेत भरला तो त्याच्या दुकानात नव्हे, वाचनालयातल्या बुद्धिबळाच्या खोलीत. दोघे पटाशी बसले होते आणि हा बाजूला उभा राहून बिलाच्या पाठीवर काहीतरी टिपत होता. कोण जिंकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हरणाऱ्यानं कुठली खेळी पाहिलीच नाही, तेवढं त्याला हवं होतं.

दुकानामागच्या खोलीत, सुट्या काट्यांच्या डब्यांशेजारी, त्यानं संगणकावर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याच्या ताईनं त्याचं नाव ठेवलं होतं जावईबापू. आरामात विचार करतो आणि घाई केलेली खपवून घेत नाही, म्हणून. ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. घोडा अडीच घरं कसा जातो हे त्याला तिनंच शिकवलेलं. तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली आणि एकदाही चुकीचा नंबर जोडला नाही. हे ती महिन्यातून एकदा तरी ऐकवायची.

जावईबापूंना वळण लावणं सोपं नव्हतं. एका खेळीला तीस उत्तरं, प्रत्येक उत्तराला पुन्हा तीस. सगळे फाटे पाहत बसलं तर जन्म जाईल. म्हणून बिनकामाचे वाटणारे फाटे छाटायचे आणि जिथे शह बसतो, तिथे मात्र ठरल्यापेक्षा पुढे जाऊन पाहायचं. छाटणी कमी पडली तर वेळ संपतो, जास्त झाली तर नेमकं हवं ते हातचं जातं.

गावातल्या हौशी लोकांनी अशा प्रोग्रॅमांची स्पर्धा ठेवली. समोरच्याची खेळी पटावर पाहून संगणकात घालायचं काम ताईकडे होतं. स्पर्धेच्या सकाळी घड्याळवाल्याला वाटलं, जावईबापू जरा सुस्तच आहेत. शहानंतर पुढे पाहायला लावणारा नियम त्यानं काढून टाकला. प्रोग्रॅम दुप्पट वेगानं चालू लागला. ताईला त्यानं सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं.

तेविसाव्या खेळीला समोरच्यानं हत्ती मरायला ठेवला. जावईबापूंनी तो क्षणात मारला. त्यानंतर शहावर शह बसत गेले आणि सातव्या शहाला मात झाली.

"जावईबापूंना फुकटचं फार आवडतं वाटतं," समोरचा म्हणाला आणि सगळी खोली हसली.

घड्याळवाल्याचे कान तापले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, खेळी नीट घातली होतीस ना?"

ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "चुकलं असेल बाबा माझंच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात डावाची नोंद उघडली. काय दिसणार ते त्याला आधीच ठाऊक होतं. ताईनं घातलेली एकेक खेळी बरोबर होती. काढलेला नियम परत घातला तर जावईबापूंनी त्या हत्तीला हातही लावला नाही.

तेव्हाच शटर ओढून ताईकडे जायला हवं होतं. पण नुसतीच चूक सांगायला त्याची जीभ रेटेना. आधी प्रोग्रॅम धड करू, मग दोन्ही एकदम सांगू, असं त्यानं ठरवलं. नियम सगळीकडे लावला तर शहाच्या मागे धावण्यातच वेळ संपायचा. मग शहानंतर किती खेळ्या पुढे पाहायचं याला मर्यादा घातली, छाटणी फक्त शांत खेळ्यांपुरती ठेवली आणि जुन्या प्रोग्रॅमाशी दोनशे डाव लावले. नव्यानं एकशे एकोणतीस जिंकले. यात सहा आठवडे गेले. गिऱ्हाइकांची घड्याळं पडून राहिली आणि जेवताना ताईचा तो पुसलेला चष्मा डोळ्यांसमोर यायचा.

शेवटी तो गेला तेव्हा ताई फोनपाशी उभी होती. डोळ्यांवर नवा चष्मा होता. शेजारीण डायरीतून डॉक्टरांचा नंबर एकेक आकडा वाचत होती आणि ताई बटणं दाबत होती.

"हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

"स्पर्धेपासूनच. आता भरवसा नाही राहिला बघ," ताई म्हणाली.

शेजारीण जाईपर्यंत तो थांबला. मग त्यानं सगळं सांगितलं: सकाळी काढलेला नियम, नोंद आणि हे सहा आठवडे. एकशे एकोणतीस डावांचं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

ताईनं चष्मा काढून हातात धरला.

"तुला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मी डोळे तपासून आले रे, हट्टानं चष्माही बदलला. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मला वाटलं, मग डोकंच गेलं असणार."

ताई उठली, चहाचं आधण ठेवलं आणि कपात साखर घातली का, या शंकेनं दोनदा डबा उघडला.

जावईबापू आता वाचनालयात बऱ्याच जणांना हरवतात. संगणकाच्या कळा घड्याळवाला स्वतः दाबतो. दर रविवारी तो ताईकडे जातो, दोघं साध्या पटावर एक डाव खेळतात. फोन लावायचा झाला की ताई अजून शेजारणीला हाक मारते.