तिची डावी बाजू

आमच्या सरांची एक पद्धत होती. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, मागच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर ते आम्हा आठजणींना गोल उभं करत आणि म्हणत, "समजा, तुम्ही समोरच्या टीमच्या आहात. बोट दाखवा, आमच्यातल्या कुणाला चुकवून आत घुसाल?" "सर, सगळ्याच चांगल्या आहेत" असलं गुळमुळीत चालायचं नाही. जिच्याकडे जास्त बोटं, ती बाकावर.

पाच सीझन ती बोटं माझ्याकडेच वळत आली. बोळिंजहून मर मर मरत प्रॅक्टिसला यायचं आणि आत कधी, तर मॅच हातची गेल्यावर! यंदा पहिल्या पाचातल्या चारजणी पक्क्या होत्या. पाचवी जागा माझी, नाहीतर माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीची. ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस खेळायची. पण घरच्या पायरीवरून घसरून तिचा डावा गुडघा दुखावला होता. ते फक्त मला ठाऊक होतं. "डावीकडे झटकन सरकताच येत नाही गं," ती म्हणाली होती, "सरांना बोलू नकोस हं." मी गळ्याशप्पथ म्हटलं होतं.

त्या रविवारी पुन्हा सगळी बोटं माझ्याकडे. तिचंसुद्धा! वर माझ्याकडे बघून हसली. माझं डोकंच फिरलं. आणि खोटं कशाला सांगू, फिरलं नसतं तरी मी तेच केलं असतं.

मी तिच्याकडे बोट केलं. "हिच्या डावीकडून."

"करून दाखव," सर म्हणाले.

दोनदा मी तिच्या डावीकडून सरळ आत गेले. तिसऱ्यांदा ती आधीच डावीकडे सरकून उभी राहिली, उजवीकडे रान मोकळं. तरी मी डावीकडेच घुसले. ती सिमेंटवर आपटली. मला आनंद झाला, चक्क आनंद.

सरांनी पाचवी जागा मला दिली. मला दम लागला की दोन मिनिटं ती येणार, असं ठरलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. गेली उडत, मी म्हटलं.

पहिल्याच मॅचला, मनवेलपाड्याच्या पोरींविरुद्ध, मी धापा टाकत बाहेर आले आणि ती आत गेली. आणि काय खेळली हो! लागोपाठ तीन बास्केट. लोक शिट्ट्या मारायला लागले. दोनाची चार मिनिटं झाली, चाराची सहा. "राहू दे हिलाच," सर कुणाला तरी म्हणाले, ते मी ऐकलं.

मी बाकावरून उठले आणि जीव खाऊन ओरडले, "अगं, डावा गुडघा सांभाळ!"

मनवेलपाड्याच्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढचा बॉल तिच्या डावीकडून आला, त्याच्या पुढचाही. मग ती खाली बसली ती उठलीच नाही.

"काळजीपोटी ओरडले हो सर," मी म्हणाले आणि आत गेले.