तेवढं सांगता का

डब्यातून धपाट्यांचा वास आला, की मला चाकणच्या कंपनीचं गेट आठवतं. दुपारच्या शिफ्टला आत शिरताना उन्हात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं माझी बाही धरली. ‘भाऊ, माझ्या लेकराला जरा बाहेर पाठवता का? परभणीहून आलोय. आत सुपरवायझर हाय त्यो.’ नाव सांगून त्यानं मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला. फडक्यात बांधलेले धपाटे अजून कोमट असल्यासारखे छातीशी धरले होते. अनोळखी माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही, म्हणून मी आत शोधत हिंडलो. मुलगा सापडला तो ठेकेदाराच्या माणसांत, मशीनखालचा लोखंडाचा कीस झाडताना. पँट गुडघ्यापर्यंत कूलंटच्या तेलकट पाण्यानं भिजलेली. वडील आलेत म्हटल्यावर तो मशीनच्या आड सरकला. ‘साहेब, या अवतारात कसा जाऊ? मी इथं नाहीच म्हणून सांगा. पाया पडतो, तेवढं करा.’ त्यालाही मला नाही म्हणता आलं नाही. गेटवर परत येऊन मी म्हाताऱ्याला म्हणालो, ‘नाही बाबा, या नावाचं कुणी नाही आत.’ ते फडकं त्यानं माझ्या हातात दिलं. ‘मग तुमीच खावा, भाऊ. हे परत नेऊन त्याच्या आईला काय सांगू?’ तेही मी घेतलं. आजही कुणी काही मागितलं, की माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. आयुष्यात एकदाच ठामपणे निघालं, ते त्या बापासमोर.