केरबांनी आणलेली जाळी

केरबा पाटोळे कतारमधल्या मेसईदच्या एका कारखान्यात वेल्डर आहेत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, गाव कागलजवळचं, बायको आणि दोन मुली तिकडेच. ते स्वतः बरवा अल बराहा या कामगारवस्तीत एका खोलीत चौघांबरोबर राहतात. माझे यजमान हेमचंद्र त्याच कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या ओळखीने केरबा तीन वर्षांपूर्वी आमच्या दोह्यातल्या अल नस्रच्या घरी भजनाला आले आणि मग दर शुक्रवारी येत राहिले. आवाज जाडा, पण सुरात पक्का. टाळ हातात आला की डोळे मिटायचे ते अभंग संपल्यावरच उघडायचे.

भजनानंतर सगळे आमच्याकडेच जेवतात. माझ्या भाकरीला नावं ठेवण्याची हिंमत एकट्या केरबांची. "चव हाय वहिनी, पर फुगली न्हाई. आमच्याकडं असती तर सासूनं तव्यावरनं खाली उतरू दिली नसती." सगळे हसायचे. मीही हसायचे आणि इलेक्ट्रिक शेगडीला दोष द्यायचे. ज्योतच नाही तर भाकरी फुगणार कशी?

मी रोज वही लिहिते. जप किती झाला, नैवेद्य काय केला, मन कुठे भरकटलं. शुक्रवारच्या पानावर शेवटी एक ओळ ठरलेली असायची: 'आज अन्नदान घडले.' ती लिहिताना मला फार बरं वाटायचं. आज लिहायलाही लाज वाटते, पण वाटायचं.

गेल्या चैत्रातल्या एका शुक्रवारी केरबा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. जेवणं चालू असताना त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. स्टीलच्या सळईची जाळी होती, चार बुटके पाय आणि लांब दांडा असलेली. शेगडीच्या तापलेल्या कॉइलवर ठेवायची, भाकरी तिच्यावर टाकायची, की फुगते. उरलेल्या सळया त्यांनी साहेबाची चिठ्ठी घेऊन गेटबाहेर आणल्या होत्या. घासून घासून अशी चकचकीत केली होती की हात कुठे अडकू नये. दांड्यावर एक फुली कोरलेली होती.

माझ्या मुलीने, पूर्णिमाने, इंग्रजीतूनच विचारलं, हे काय. केरबांनी मराठीत सांगितलं. त्यांचा एक नॉर्वेचा म्हातारा सुपरवायझर होता, तो परत जाताना त्यांना आपला थर्मास देऊन गेला. थर्मासच्या बुडाला हीच खूण होती. त्या लोकांच्या पूर्वजांच्या लिपीतलं अक्षर, अर्थ भेटवस्तू.

"दोन काड्या एकमेकीला टेकल्यात बघ बाळ. एक काढली की दुसरी पडती. म्हातारा म्हणायचा, देणारा आन घेणारा, दोघं असलं की मधी देव येतो."

एवढं ऐकूनही मी हात मागे घेतला. शुक्रवारच्या जेवणाच्या बदल्यात कोणाकडून काही घ्यायचं नाही असा माझा संकल्प होता. आणि खरं लिहायचं तर, भंगारातली सळई माझ्या सोवळ्याच्या ओट्यावर, हेही मनात येऊन गेलं. मी म्हणाले, "नको हो केरबा. दान केलं की परत काही घ्यायचं नसतं. माझा नेम मोडेल."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. केरबा ताटाकडे बघत राहिले.

"म्हंजे मी तीन वर्सं दान खात हुतो व्हय, वहिनी?" ते हळूच म्हणाले. "मी आपला सोताला पावणा समजत हुतो."

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, कधी नव्हे ते ताट स्वतः उठून विसळलं, जाळी पुन्हा कागदात गुंडाळली आणि गेले. त्यानंतर मैत्रिणीला, शशिकलाला फोन करून मी म्हणाले की ही माणसं फारच मनाला लावून घेतात. 'ही माणसं' म्हणाले मी.

पुढचे तीन शुक्रवार केरबा आले नाहीत. हेमचंद्रांना कारखान्यात भेटायचे, नीट बोलायचे, ओव्हरटाइम आहे म्हणायचे. "ओव्हरटाइम दोन महिने बंद आहे," हेमचंद्र मला म्हणाले आणि टीव्हीकडे वळले.

तिसऱ्या शुक्रवारी मी नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवून पाणी फिरवलं. थोड्या वेळाने तेच ताट प्रसाद म्हणून उचलायला वाकले आणि तशीच खाली बसले. देव माझ्याकडून घेतो आणि परत देतो. घ्यायला तो कधी नाही म्हणाला नाही. त्याच्यासमोर बसून मी मात्र त्याच्याही वरची झाले होते. त्या दिवशी वहीतली शेवटची ओळ लिहिली नाही.

शनिवारी संध्याकाळी मी बेसनाच्या लाडवांचा डबा भरून केरबांकडे निघाले. हेमचंद्र म्हणाले, "पुन्हा देऊनच येणार?" मी डबा ओट्यावर ठेवला.

हेमचंद्रांनी फोन केल्यावर बरव्याच्या वस्तीबाहेरच्या चहाच्या दुकानाशी केरबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने बसवून. हेमचंद्र गाडीतच थांबले. मी म्हणाले, "माझं चुकलं, केरबा. तुम्ही दिलंत आणि मला घेता आलं नाही."

त्यांनी दोन चहा आणि दोन पराठे सांगितले. माझा हात सवयीने पर्सकडे गेला. त्यांनी तो पाहिला, आणि मी पर्स मिटली. वीस वर्षं मी बाहेरचं खाल्लेलं नव्हतं. ते त्यांना सांगितलं नाही, पराठा तोडला.

मग मी जाळी मागितली. ती त्यांनी खोलीतल्या मुनाफला देऊन टाकली होती, तो तिच्यावर पापड भाजतो.

"मला दुसरी करून द्याल?"

केरबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मागितल्याव केली तर ते काम झालं, वहिनी. काम मी कंपनीचं करतो."

ते रागावून म्हणाले नव्हते, म्हणून जास्तच लागलं. दुकानाबाहेर बसमधून उतरलेली माणसं येत होती, त्यांतल्या दोघांनी केरबांना हाक मारली. कोण आलंय, असं एकाने विचारलं.

"पावण्या हाईत आमच्या," केरबा म्हणाले, आणि माझ्यासाठी आणखी एक पराठा सांगितला. पोट भरलेलं होतं. मी तो घेतला आणि त्यांच्यासमोर बसून सगळा संपवला.