घाण रक्त

माझ्या बहिणीच्या सासूला दोनच कला येतात, जप करणं आणि नाक मुरडणं. दोन्ही एकदमच करते.

आम्ही कुंभिवलीची बौद्ध माणसं. धाकटीनं दहिवलीत प्रेमविवाह केला, तेव्हापासून ही बाई तिच्या हातचा चहा पीत नव्हती. म्हणायची, "मला अॅसिडिटी हाय गं." शेजारणीकडे मात्र बशीभर ओतून फुर्र फुर्र. कसली अॅसिडिटी नि कसलं काय!

गेल्या वर्षी बहीण कर्जतच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पण बाळाच्या आधीच वार गर्भाशयापासून सुटली होती आणि आता रक्त थांबेना. चादर बदलली की पुन्हा भिजायची. सासूबाई खाटेशी माळ ओढत, "घाण रक्त हाय ते, जाऊ दे. सगळ्यांचंच जातं."

"मावशी, ती पांढरी पडलीय!"

"तुला काय कळतंय? तुझं लगीन तरी झालंय का?"

मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं, मुठीत धरून वाट पाहिली आणि नळी कलती केली. एव्हाना ते दह्यासारखं धरायला हवं होतं. ते पाण्यासारखं इकडून तिकडे गेलं. "रक्ताची गोठायची ताकदच संपलीय," त्या म्हणाल्या. "रक्त नि प्लाझ्मा लगेच चढवायला हवं, नाहीतर ही जाईल. रक्त द्यायला माणसं बोलवा."

नवऱ्याला सुई बघून चक्कर येते. दिराचा उपास होता. वा रे मर्द! आमची अख्खी आळी टेंपोत बसून आली. तर सासूबाई डॉक्टरीणबाईंना हळूच विचारते, "आमच्यातल्यांचं नाय का मिळत रक्त?"

"पिशवीवर फक्त गट लिहितात, आजी," त्या पिशवी लावता लावता म्हणाल्या. मला तर थुंकावंसं वाटलं.

पिशव्यांवर पिशव्या चढल्या. पुन्हा नळी भरली, कलती केली. या वेळी रक्त जागचं हललं नाही. मी तिथंच भोकांड पसरलं.

घरी आल्यावर बहीण जरा हिंडूफिरू लागली, तेव्हा मी तिला भेटायला गेले. तिनं चहा केला, कप सासूपुढे ठेवला. "घ्या आई. घाण रक्त सगळं गेलं, तुम्हीच म्हणालात ना? आता नवं भरलंय."

म्हातारीनं कपाकडे बघितलं. "मला अॅसिडिटी हाय."

बहिणीनं कप उचलला, उभ्या उभ्या स्वतःच प्यायली. मग पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "ताई, चल, आपल्या घरी जाऊ."