पावती नसलेली वस्तू

सुदर्शन इंगळे वाशिमहून पुण्यात आला, खराडीच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि विश्रांतवाडीत सुनीतीबाईंच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहू लागला. भाडं वेळेवर, आवाज नाही, सिगारेट नाही. पहिल्या महिन्यात नाव ठेवण्यासारखी एकच गोष्ट सापडली. चतुर्थीला वर पाठवलेला मोदकांचा डबा त्याने स्वच्छ घासून, पुसून, रिकामा परत आणून दिला.

"डबा छान घासलात हो," सुनीतीबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. वाशिमला साखर मिळत नसेल."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. पुढे डबा कधी रिकामा आला नाही. कधी गावची तुरीची डाळ, कधी आईने केलेले शेवयांसारखे सरगुंडे, काहीच नसलं तर खरोखर साखर.

सुनीतीबाईंच्या जिवाला घोर लागला तो रविवारांमुळे. दर रविवारी सात-आठ मुलं जिना चढून वर जात आणि उतरताना प्रत्येकाच्या हातात एक सीडी असे. वर छापील चित्र नाही, कंपनीचं नाव नाही, नुसती काळ्या पेनाने लिहिलेली ओळ.

"काय असतं हो त्यात?" एकदा त्यांनी सुदर्शनला जिन्यातच गाठलं.

"टूल्स असतात, काकू. सुताराला रंधा लागतो ना, तशी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची हत्यारं. लोकांनी नेटवर ठेवलेली असतात. मी हुडकतो, आठवडाभर वापरून बघतो. चांगलं निघालं की मित्रांना देतो. भंगार निघालं तर तेही सांगतो, म्हणजे त्यांचा वेळ वाचते."

"विकता?"

"नाही ना. फुकट."

"मग तुम्हाला यातून काय मिळतं?"

"काही नाही," तो हसून म्हणाला.

हे उत्तर सगळ्यांत वाईट होतं. चोर आहे म्हणाला असता तर निदान हिशेब लागला असता. सुनीतीबाई बी.कॉम. झालेल्या, नारळ घेतला तरी पावती मागणाऱ्या. ज्या गावात दुकानदार पिशवीसुद्धा हसून देत नाही, तिथे हा मुलगा फुकट वाटतो आणि वर हसतो? कुठंतरी पाणी मुरत होतं. पेपरात नकली सीडींवरच्या धाडींच्या बातम्या येत होत्याच.

"फुकट ते पौष्टिक," त्यांचे यजमान श्रीधरराव पेपराआडून म्हणाले. "पोलीस आले तर चहा कुठल्या कपात द्यायचा तेवढं ठरवून ठेव."

पोलिसांचं एक वेळ निभावलं असतं. पण आता त्यांची स्पृहाही रविवारी वर जाऊ लागली. वाघोलीच्या कॉलेजात ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सुदर्शनला ती दादा म्हणायची. अर्थात दादा म्हणणं हे काही फार भक्कम कुलूप नव्हे. तिच्या हाती नोकरीचं पत्र आलेलं होतं, पण सगळं प्रोजेक्टवर अडलेलं. कॉलेजच्या ग्रंथालयातलं पुस्तक चुटकीसरशी शोधून देणारा तो प्रोजेक्ट होता.

"हे सगळं तूच लिहिलंस?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"सगळं कोण लिहितं, आई? शोधायचं मूळ टूल सुदर्शनदादाने दिलं. त्याच्यावर माझं काम."

"म्हणजे दुसऱ्याचं घ्यायचं आणि आपलं म्हणून द्यायचं. आमच्या वेळी याला कॉपी म्हणत."

"जाऊ दे. तुला नाही कळणार."

हे ऐकल्यावर मात्र सुनीतीबाईंनी ठरवलं. परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने पकडण्यापेक्षा कॉलेजच्याच मास्तरांनी आधीच कान धरलेला बरा. दुसऱ्या दिवशी स्पृहा बाहेर पडल्यावर त्यांनी कॉलेजात फोन लावला. नाव न सांगता प्रोजेक्टच्या घुले सरांना विचारलं, "पावती नसलेली वस्तू परीक्षेत चालते का हो?"

"कसली वस्तू?"

त्यांनी सांगितलं. सरांनी खोदून विचारलं तेव्हा "तो ग्रंथालयाचा प्रोजेक्ट" एवढंच तोंडून निघून गेलं. असा प्रोजेक्ट अख्ख्या वर्गात एकीचाच होता.

सर गुपचूप समजावतील अशी त्यांची समजूत. सरांनी भर वर्गात सांगितलं, चोरीचा संशय मिटेपर्यंत स्पृहाला परीक्षेला बसता येणार नाही. पोरगी घरी आली ती राख फासल्यासारखा चेहरा घेऊन.

सुदर्शनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "मी येतो सरांशी बोलायला."

"मीही येते," सुनीतीबाई म्हणाल्या. हा तिथे स्वतःचं अंग काढून घेणार, अशी त्यांना आता पक्की भीती वाटत होती.

घुले सरांनी त्याला बसासुद्धा म्हटलं नाही. "हे चोरलेलं नाही कशावरून?"

"सर, चोरीचा माल कोणी उघडून दाखवते का?" सुदर्शन म्हणाला. "हे आतून पूर्ण उघडं आहे. ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगितलंय, घ्या, वापरा, बदला. मी सांगून काय उपयोग? तिलाच विचारा."

स्पृहाने कॉम्प्युटर सुरू केला. सर कुठेही बोट ठेवत आणि ती सांगत जाई, हे त्यांचं, हे माझं. "इथे मराठी पुस्तकांवर ते अडकायचं, सर. ते मी दुरुस्त केलं. आणि मूळ टूलवाल्यांना दुरुस्ती पाठवून दिली. त्यांनी घेतलीसुद्धा."

"पाठवायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही." तिने आईकडे पाहिलं. "घरची सवय आहे, सर. डबा रिकामा परत देत नाही आम्ही."

सरांनी तिचा अहवाल पुढे ओढला. "मूळ काम कोणाचं, तुझं किती, हे अहवालाच्या सुरुवातीलाच लिही. बस परीक्षेला." मग उठता उठता म्हणाले, "आणि त्या फोनवाल्या बाई भेटल्या तर सांग, पावती नसली तरी चालते."

स्पृहाने मान वळवली. पावती हा शब्द अशा जागी वापरणारी बाई तिच्या माहितीत एकच होती. सुदर्शननेही ते ऐकलं आणि काकूंकडे पाहिलं. परतताना रिक्षा विश्रांतवाडीच्या चौकात आली तेव्हा तो म्हणाला, "काकू, मी दुसरी खोली बघतो. रविवारी जातो बघायला."

संध्याकाळी त्याने वरचा डबा आणून दिला. सुनीतीबाईंनी झाकण उघडलं. आत काठोकाठ साखर. ही मनापासूनची साखर की पुणेरी? हा टोमणा मारायला आपणच शिकवलं याला?

"त्याला सगळं कळलंय, आई," मागून स्पृहा म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता.

सुनीतीबाई ओट्याकडे वळल्या. साखर बरणीत ओतली, त्याच डब्यात गरम थालीपिठं भरली आणि स्वतःच जिना चढल्या. आता हा डबा परत द्यायला तरी त्याला खाली यावं लागणार होतं.

सुदर्शनने दार उघडलं. खोलीत खोकी बांधलेली दिसतात का, हे त्यांनी त्याच्या खांद्यावरून आधी पाहून घेतलं.

"रविवारी खोली बघायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "मुलं येतील तुमची. मीही बसणार आहे."

"तुम्ही, काकू? कशाला?"

"कशाला म्हणजे? काय चालतं ते एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे."